बंदूक कुणावर रोखायची?



२२ एप्रिल २०२५ चा दिवस तुम्हाला आठवत असेल. काश्मीरमध्ये पहलगामजवळ २६ माणसं दहशतवाद्यांनी गोळ्या घालून मारली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. बायकांच्या डोळ्यांदेखत नवरे गेले. मग ७ मे रोजी आपल्या सैन्यानं सीमेपलीकडच्या दहशतवादी तळांवर हल्ले केले. त्या कारवाईला नाव दिलं 'सिंदूर'.

त्या दिवसांत आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि विषय निघाला. एकजण म्हणाली, "बरं झालं. अजून हाणायला पाहिजे होतं." दुसरी म्हणाली, "अगं, बाँब पडतो तिथंबी बायापोरं असत्यात." कोपऱ्यात बसलेल्या एका मावशी काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा मुलगा फौजेत आहे. त्या नुसत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

त्यांच्या गप्प बसण्यानं आम्हाला हा विषय घ्यायला लावला. देशानं दहशतवाद्यांवर सैन्य घालावं का? टीव्हीवर या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. आम्हाला वाटलं, आपण जरा मागं जाऊन बघू. कारण हा प्रश्न आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत एकदा नव्हे, अनेकदा येऊन गेलाय. एकदा तर त्या वेळच्या सरकारच्या लेखी दहशतवादी होतो ते आपणच!

जेव्हा आपलीच गावं सरकारची शत्रू होती

१९४२ साल. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके साताऱ्यातच होते. ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली आणि आपल्या भागात कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. ३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा निघाला. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर लोक गेले. हातात तिरंगा होता, हत्यार नव्हतं. पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची आसपासच्या गावांतली माणसं तिथं पडली. दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चावरही गोळीबार झाला. तिथंही माणसं गेली.

इथं थोडं थांबूया. हे मोर्चे शांततेचे होते. त्यांच्यावर सरकारनं गोळी चालवली. मग पुढं काय झालं? लोक घाबरून घरी बसले का? काही बसले. पण बरीच तरुण मंडळी भूमिगत झाली, आणि त्यांतूनच १९४३ पासून प्रतिसरकार उभं राहिलं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही नावं आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहेत.

या मंडळींनी काय केलं? ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ आगगाडी अडवून सरकारी पैसा काढून घेतला. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. दादांना गोळी लागली, दोन साथीदार जिवानिशी गेले. १४ एप्रिल १९४४ ला तर थेट धुळ्याकडं चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. शेकडो गावांत सरकारी कोर्टाऐवजी न्यायदान मंडळं बसू लागली. सावकारी, दारू, दरोडे, बायकोला टाकून देणं अशा गोष्टींचा निवाडा गावातच होऊ लागला. थोडक्या खर्चात लग्नं लागू लागली.

सगळंच गोड होतं असं सांगून आम्ही तुमची फसवणूक करणार नाही. गुन्हेगाराच्या तळपायावर काठीनं मारायची शिक्षा होती. घोड्याला नाल ठोकावी तसे पत्रे ठोकतात, असं लोक म्हणत, आणि त्यातूनच 'पत्री' हे नाव पडलं असं सांगतात. पोलिसांना खबर देणाऱ्यांना कडक शिक्षा झाल्या. गावानं भूमिगतांना भाकरी घातली ती बहुतेकांनी जिव्हाळ्यानं, पण कुणी भीतीपोटीही घातली असेल. गांधीजींना हा गुप्तपणाचा मार्ग मान्य नव्हता. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडपणे बाहेर येण्याचा सल्ला दिला. काहींनी तो मानला. नाना पाटील मात्र १९४६ पर्यंत बाहेर आले नाहीत. म्हणजे हत्यार घ्यावं की नाही, हा वाद तेव्हा आपल्या लोकांतही होताच.

बळ वापरलं, मग हाती काय लागलं?

इंग्रज सरकारनं या चळवळीवर बळ वापरलंच. हत्यारी पोलिसांच्या तुकड्या गावोगाव फिरल्या. पकडून देणाऱ्याला बक्षिसं लावली. गावच्या गाव दोषी धरून सामुदायिक दंड बसवले. नाना पाटलांचं घर आणि जमीन जप्त केली.

आणि बायकांचं काय? यशवंतराव चव्हाण तेव्हा भूमिगत होते. २ जून १९४२ ला त्यांचं वेणूताईंशी लग्न झालं होतं. लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणजे नव्या नवरीच्या हौसेचा सण. हलव्याचे दागिने, काळी साडी, वाण. १९४३ च्या त्याच संक्रांतीला वेणूताईंना पोलीस घेऊन गेले. त्यांचा गुन्हा एवढाच की नवरा सापडत नव्हता. पुढं तुरुंगातून सुटल्यावर त्या आजारी पडल्या. त्यांना बघायला यशवंतराव फलटणला गेले आणि तिथंच पकडले गेले.

नाना पाटलांच्या लेकीचं, हौसाताईंचं, वागणं आणखी वेगळं. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं पळवायची होती. ठाण्यासमोर नवरा बायकोला मारतोय असं सोंग त्यांनी आणि एका साथीदारानं आणलं. त्या मार खात होत्या, ओरडत होत्या. पोलीस काय झालं म्हणून बाहेर आले, आणि बाकीच्यांनी आत शिरून बंदुका उचलल्या. बाईला मार पडतोय म्हटल्यावर त्यात कुणाला संशय येणार! हौसाताई २०२१ साली गेल्या. शेवटपर्यंत त्या हे सगळं हसत सांगत.

पण अशा नावाजलेल्या बायका थोड्या. ज्यांचं नाव कुठंच लिहिलं गेलं नाही त्या किती! रात्री दार वाजलं की उठून चूल पेटवणाऱ्या. जोंधळ्याची कणगी तळाला गेली असताना दहा भाकरी जास्त थापणाऱ्या. शेणाच्या पाटीत, सरपणाच्या भाऱ्यात चिठ्ठी किंवा पिस्तूल लपवून नेणाऱ्या. पोलीस दारात आल्यावर "न्हाई बाबा, आमच्याकडं कोण नाही आलं" असं सांगून माजघराच्या दारात उभं राहणाऱ्या.

सरकारचं बळ कमी पडलं ते इथं. त्यांच्याकडं बंदुका होत्या, पण कोणत्या घरात कोण झोपलंय हे सांगणारं माणूस नव्हतं. गावावर जितका दंड बसला तितकं गाव सरकारपासून लांब गेलं. शेवटी मिटलं कशानं? १९४६ साली मुंबई प्रांतात निवडून आलेलं मंत्रिमंडळ बसलं, पकडवॉरंटं मागं घेतली गेली, आणि नाना पाटील कराडला लोकांसमोर उभे राहिले. बंदुकीनं चार वर्षांत जे झालं नाही ते राज्य लोकांच्या हाती येऊ लागल्यावर झालं.

ज्याला शोधत होते तोच संरक्षण मंत्री झाला

आता ही गोष्ट एक वळण घेते. देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडला वाढलेले यशवंतराव, म्हणजे एक गाव आज सांगलीत आणि दुसरं साताऱ्यात, १९६२ च्या नोव्हेंबरात देशाचे संरक्षण मंत्री झाले. ज्याच्या मागावर एकेकाळी पोलीस होते, तो देशाच्या सगळ्या फौजेचा कारभार बघू लागला.

त्यांच्याच काळात, १९६६ साली, ईशान्येकडच्या मिझो डोंगरात बंड झालं. मिझोराम तेव्हा राज्य नव्हतं, आसामचा एक जिल्हा होता. बंडामागचं कारण ऐकाल तर माण-खटाव, आटपाडी-जतच्या बाईला ते चटकन कळेल. त्या डोंगरात साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदा बांबूला फुलोरा येतो. मग उंदीर बेसुमार वाढतात आणि शेतातलं, कणगीतलं सगळं फस्त करतात. १९५९ ला असा दुष्काळ पडला. सरकारची मदत वेळेवर आणि पुरेशी पोचली नाही. भुकेल्या गावांना धान्य पोचवायला लालडेंगा नावाच्या माणसाच्या पुढाकारानं एक संघटना निघाली. पुढं तिचाच मिझो नॅशनल फ्रंट झाला, आणि १ मार्च १९६६ ला त्यांनी भारतापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. सरकारी कचेऱ्या आणि ठाणी ताब्यात घेतली, ऐझॉलची चौकी वेढली.

सरकारनं काय करायचं? आपले जवान वेढ्यात अडकलेत, देशाचा तुकडा पडतोय. गप्प बसता येत नव्हतं. फौज पाठवली. पण ५ मार्चला विमानंही आली आणि ऐझॉल गावावर मारा झाला. बंडखोर शहरात होते, तशी घरं आणि बाजारही शहरातच होता. पेठ जळाली. लोक रानात पळाले. आपल्याच देशातल्या गावावर आपल्याच विमानांनी मारा केल्याची ती आठवण तिथं अजून आहे. मग १९६७ पासून डोंगरातली विखुरलेली गावं उठवून लोकांना रस्त्याकडेच्या वस्त्यांत आणून बसवलं. कारण तेच, जे साताऱ्यात इंग्रजांना टोचत होतं: गावातून बंडखोरांना भाकरी मिळते. तिथल्या बायकांच्या हातून शेतं सुटली, कणग्या गेल्या.

हा निर्णय एकट्या यशवंतरावांचा होता असं आम्ही म्हणत नाही. असे निर्णय सगळं सरकार मिळून घेतं. वेढ्यात अडकलेल्या जवानांना सोडवणं गरजेचं होतं, हेही खरं. पण आमच्या मनात एक विचार येतोच. ज्या घरातली नवी नवरी संक्रांतीला तुरुंगात गेली, त्या माणसाला त्या डोंगरातल्या बायका आठवल्या असतील का?

बंड लगेच मिटलं नाही. वीस वर्षं चाललं. ३० जून १९८६ ला दिल्लीत करार झाला. त्याच लालडेंगांनी हत्यारं खाली ठेवली, ते मुख्यमंत्री झाले, आणि १९८७ च्या फेब्रुवारीत मिझोराम हे वेगळं राज्य झालं. तेव्हापासून ते आपल्या देशातल्या शांत राज्यांपैकी एक आहे. फौजेनं वेढा उठवला हे खरं, पण शांतता आणली ती करारानं.

मग बंदूक उचलूच नये का?

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, या बाया म्हणतायत की बोलूनच सगळं मिटतं. नाही. तसं असतं तर केडंब्याची गोष्ट आम्ही सांगितली नसती.

केडंबे हे जावळी तालुक्यातलं लहानसं गाव. तुकाराम ओंबळे तिथले. सैन्यात नोकरी केली, मग मुंबई पोलिसांत लागले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रातून आलेले दहा जण मुंबईत घुसले. रेल्वे स्टेशनात गावाला निघालेली माणसं बसली होती. हॉटेलांत पाहुणे होते, इस्पितळात आजारी माणसं होती. त्यांनी सगळीकडं गोळ्या चालवल्या. १६६ जणांचा जीव गेला. या दहांना कुठलं गाव भाकरी घालत नव्हतं. त्यांच्याशी कसली बोलणी करायची होती? समोर दिसेल त्याला मारायचं एवढंच ते ठरवून आले होते. अशा वेळी बळ वापरावंच लागतं. पोलिसांनी वापरलं, मग कमांडो आले, आणि २९ तारखेला ते संपलं.

पण ओंबळ्यांनी केलं ते नीट पाहा. गिरगाव चौपाटीजवळ अतिरेक्यांची गाडी अडवली गेली. ओंबळ्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी समोरच्याच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या. त्यामुळं मागचे पोलीस वाचले आणि तो अतिरेकी जिवंत सापडला. त्याच्यावर कोर्टात खटला चालला, त्याला वकील दिला गेला, साक्षी झाल्या, वरच्या कोर्टांत अपिलं झाली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. जिवंत सापडल्यामुळंच हा कट कुठं शिजला, कुणी शिकवलं, कुठून बोट निघाली, हे जगापुढं मांडता आलं. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. बळ होतं, पण ते नेमकं ज्याच्या हातात बंदूक होती त्याच्यावरच वापरलं गेलं. आसपासच्या एकाही घराला त्याची झळ लागली नाही.

दुसरं नाव पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिक यांचं. साताऱ्याच्या सैनिक शाळेत ते शिकले. काश्मीरमध्ये कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांचा शोध घेताना १७ नोव्हेंबर २०१५ ला ते गेले. तुकडीचे प्रमुख असून ते सगळ्यांत पुढं होते. जंगलात पायी जाऊन माणूस शोधायचा, गावावर मारा करायचा नाही, या रीतीत जवानाचा जीव जास्त धोक्यात जातो. ती किंमत त्यांनी भरली. मागं पत्नी आणि दोन मुलं राहिली. पत्नी स्वाती महाडिक यांनी प्रशिक्षण घेतलं, आणि २०१७ च्या सप्टेंबरात त्या स्वतः लेफ्टनंट होऊन सैन्यात दाखल झाल्या.

किंमत कोण भरतं, तिला विचारण्याचा हक्क आहे

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. ते युद्ध कुणाचं होतं, कशासाठी होतं, हे त्यांच्या बायकांना कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. आज तसं नाही. आज आपण मत देतो, ग्रामसभेत बोलतो, वर्तमानपत्र वाचतो. म्हणून सैन्य पाठवण्याची गोष्ट निघाली की "हाणा" किंवा "नको" एवढंच म्हणून थांबू नये. आम्हाला या सगळ्यातून तीन प्रश्न सापडले, ते तुमच्यापुढं ठेवतो.

पहिला: समोरचा कुणाला मारतोय? नुसतं नाव ऐकून ठरवू नये. सरकारनं नाना पाटलांनाही गुन्हेगारच ठरवलं होतं. शेणोलीची गाडी अडवणाऱ्यांनी सरकारी पैसा नेला, प्रवासी मारले नाहीत. मुंबईच्या स्टेशनात आणि पहलगामला गेलेले प्रवाशांनाच मारायला गेले होते. हा फरक फार मोठा आहे, आणि तो आपल्याला कळतो.

दुसरा: बळ बंदूकवाल्यावर पडतंय की गावावर? गावावर पडलं की काय होतं ते वडूज-इस्लामपूरनं सांगितलं, ऐझॉलनंही सांगितलं. गाव ज्याच्या बाजूला जातं त्याला पकडणं अवघड होतं.

तिसरा: बंदूक थांबल्यावर पुढं काय? ज्या दुष्काळातून, ज्या अन्यायातून बंड उठलं, त्याचं कुणी काही करणार आहे का? नसेल, तर आपली पोरं पुन्हा पुन्हा तिथंच पाठवावी लागतील.

आमचं मत असं बनलं की निरपराध माणसांना मारायला कुणी हत्यार घेऊन आलं तर देशानं बळ वापरावं, जरूर वापरावं. पण ते ओंबळ्यांच्या हातांसारखं असावं, नेमकी नळी धरणारं. गावाला शत्रू ठरवणारं बळ वापरू नये. तुमचं मत वेगळं असू शकतं. ते आम्हाला कळवा, आपण पुढच्या भागात ते सांगू.

राहता राहिल्या त्या मावशी. बैठक उठली तेव्हा चपला घालता घालता त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला पाठवणारे चार दिवस विचार करून पाठवू देत, बास." आमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा हे थोडक्यात झालं.

आणि जाता जाता एक काम. तुमच्या गावात, नात्यात पंचाऐंशी-नव्वदच्या आज्ज्या असतील. त्यांच्याजवळ बसा. बेचाळीसच्या त्या दिवसांत घरी रात्री कोण येत होतं, भाकरी कोण करत होतं, त्यांच्या आईनं पोलिसांना काय सांगितलं, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुढाऱ्यांची नावं चौकाचौकांत लागली. त्या बायांची नावं अजून लिहायची राहिलीत, आणि सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्यात.

नमस्कार.